एका रोग्यासाठी अनेक हात

खेळताना गुडघा फुटला की आपण हळद दाबतो आणि पोर पुन्हा पळू लागते. पण काही मुलांचे रक्त लवकर थांबतच नाही. बाहेरची जखम निदान दिसते तरी. सांध्याच्या आत साचलेले रक्त दिसत नाही. गुडघा सुजतो, आखडतो, आणि असे वारंवार झाले की मूल अधू होते. या जन्मजात विकाराला हिमोफिलिया म्हणतात. त्याचा मुख्य प्रकार जन्मणाऱ्या सुमारे ५,००० मुलग्यांत एकाला असतो.

हा विकार बहुधा पुरुषांत दिसतो, पण घराण्यात उतरतो तो स्त्रियांकडून, हे फिलाडेल्फियाच्या जॉन ऑटो या डॉक्टरांनी १८०३ साली लिहून ठेवले. राजवाडेही त्यातून सुटले नाहीत. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा लिओपोल्ड १८८४ साली पडण्याचे निमित्त होऊन वारला. तिच्या नातीच्या पोटी आलेला रशियाचा युवराज अलेक्सी याच विकाराने पीडित होता. डॉक्टर दाराशी उभे होते; उपाय कुणापाशीच नव्हता.

तो सापडला १९६४ साली. गोठवलेला रक्तद्रव थंडीतच सावकाश वितळू दिला, तर खाली राहणाऱ्या साक्यात रक्त थांबवणारा घटक भरपूर असतो, हे अमेरिकेतील ज्युडिथ पूल यांनी दाखवले.

मग प्रश्न सुटला, असे तुम्ही म्हणाल. पण बघा, रक्ताचा डॉक्टर एकीकडे, हाडांचा दुसरीकडे, दातांचा तिसरीकडे. प्रत्येकापुढे आईने पहिल्यापासून कहाणी सांगायची! म्हणून १९७५ साली अमेरिकेने कायदा करून खास केंद्रांना पैसा दिला. तिथे हे सारे डॉक्टर, परिचारिका, व्यायाम शिकवणारे आणि समाजसेवक एकत्र बसून रोग्याचा विचार करू लागले.

मध्यंतरी मोठा घात झाला. हजारो लोकांचे रक्त एकत्र करून बनवलेल्या औषधातून १९८० च्या सुमारास एड्स शिरला. स्वतः रोगी असूनही १९६३ साली जागतिक संघटना उभारणारे फ्रँक श्नाबेल १९८७ साली त्यातच गेले.

तरी केंद्रांचे काम वाया गेले नाही. अमेरिकेतील सहा राज्यांतल्या २,९५० रोग्यांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. विकाराची तीव्रता वगैरे हिशेबात धरूनही, केंद्रात जाणाऱ्यांना मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ४० टक्के कमी आढळला. आपल्याकडेही १९८३ साली अशोक बहादुर वर्मा या रोग्यानेच दिल्लीत संघटना स्थापन केली.

गुरुजी, तुमच्या वर्गात एखाद्या मुलाचा गुडघा पुन्हा पुन्हा सुजत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. तो चोळू नका, अ‍ॅस्पिरिनची गोळी देऊ नका. त्याच्या आईबापांना मोठ्या दवाखान्याची वाट दाखवा. त्या अनेक हातांपैकी पहिला हात कदाचित तुमचाच असेल.