टर्बोसाठी एकच नग : कागदापासून आर्गन वेल्डिंगपर्यंत

जुन्या मोटारीला टर्बोचार्जर बसविण्याचा निर्णय घेतला, टर्बो विकत आणला, इंटरकूलरही मिळाला. आणि मग लक्षात येते की टर्बो इंजिनाला जोडायचा कसा, हाच प्रश्न राहिला. टर्बोच्या तोंडाचे चार बोल्ट एका मापाचे आणि मॅनिफोल्डची छिद्रे दुसऱ्याच मापाची. या दोहोंना जोडणारी पोलादी चकती, म्हणजे अडॅप्टर फ्लँज, कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळत नाही. ती घडवूनच घ्यावी लागते.

स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिचे तत्त्व सोपे आहे. वाया जाणाऱ्या धुराने चक्र फिरवायचे आणि त्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची. अडचण तत्त्वात नाही, उष्णतेत आहे. पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण भाराखाली 900 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. घडविलेला सुटा भाग याच ठिकाणी बसणार असतो.

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असे काम करू शकणारे कारागीर आहेत. परंतु त्यांचा धंदा शेकडो नगांच्या जॉबवर्कवर चालतो. एका नगासाठी मशीनची मांडणी करायला जेवढा वेळ जातो, तेवढाच शंभर नगांसाठी जातो. त्यामुळे हौशी गिऱ्हाइकाचे काम कोपऱ्यात पडून राहते. यात कारागिराचा दोष मानण्याचे कारण नाही. गिऱ्हाईक बहुधा हात हवेत फिरवून आकार समजावून सांगत असते आणि त्यावरून भाग बनवायला कोणी धजावत नाही.

म्हणून पहिले काम कागदावरचे. जाड कागद टर्बोच्या तोंडावर धरून कडांवर हलक्या हाताने ठोकले की छाप उमटते. गॅस्केटवरून माप घेण्याचा मोह टाळावा, कारण गॅस्केटची छिद्रे मुळातच सैल असतात. छाप घेतल्यावर छिद्रांमधील अंतर व्हर्नियरने मोजावे. एका छिद्राच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजले, तर दोन्ही छिद्रे सारखी असताना मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर आपोआप मिळते. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून तो दोन्ही बाजूंना प्रत्यक्ष लावून पाहावा. पुठ्ठ्यात झालेली चूक फुकटात सुधारते. पोलादात झालेली सुधारत नाही.

ड्रॉइंगवर सर्व मापे मिलिमीटरमध्ये, प्लेटची जाडी, धातू आणि आटे यांचा उल्लेख हवा. 'आठचा बोल्ट' एवढे लिहून भागत नाही. एम-8 च्या 1.25 पिचच्या आट्यासाठी 6.8 मिलिमीटरचे ड्रिल लागते, तर बोल्ट नुसता आरपार जायचा असेल तर 9 मिलिमीटरचे. हा फरक लिहिला नाही, तर कारागीर आपल्या समजुतीने काहीतरी एक करतो. लेझर कटिंगसाठी संगणकावरील ड्रॉइंगची फाइल द्यावी लागते. बाह्य आकार लेझरने आणि आटे नंतर हाताने, ही विभागणी स्वस्त पडते.

धातूच्या निवडीत बहुतेकांची फसगत होते. चकाकीमुळे 304 प्रतीचे स्टेनलेस स्टील मागितले जाते. ते गंजत नाही हे खरे, पण तापल्यावर साध्या पोलादापेक्षा बरेच जास्त प्रसरण पावते. चार सिलिंडरच्या इंजिनाची सुमारे 350 मिलिमीटर लांबीची फ्लँज 500 अंशांनी तापली, तर साधे पोलाद साधारण 2 मिलिमीटर वाढते आणि 304 सुमारे 3 मिलिमीटर. इंजिनाचे हेड पाण्याने थंड राहत असल्याने तेवढे वाढत नाही. ही ओढाताण वेल्डिंगला तडा पाडते. म्हणून टोकाकडची छिद्रे किंचित मोठी ठेवतात आणि लांब फ्लँज दोन पोर्टच्या मध्ये कापतात. लहान अडॅप्टरसाठी 10 ते 12 मिलिमीटर जाडीची एमएस प्लेट पुरेशी होते, असे आमचे मत आहे. पाइप मात्र जस्त चढविलेला नसावा. वेल्डिंगच्या वेळी त्यातून निघणारा धूर आरोग्याला घातक असतो.

आर्गन वेल्डिंग झाले की सपाट फ्लँज हमखास वाकते. वेल्डिंग करतेवेळी ती जाड प्लेटवर बोल्टने घट्ट बांधली तर वाक कमी राहतो, तरी पृष्ठभाग पुन्हा सपाट करावाच लागतो. येथे 304 चा आणखी एक तोटा उघड होतो. सरफेस ग्राइंडरचा पाट चुंबकीय असतो आणि त्याला 304 चिकटत नाही. मग मिलिंग मशीनवर क्लँपने बांधून काम करावे लागते.

कायद्याची बाजूही आधीच पाहिलेली बरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ही भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. बंदिस्त ट्रॅकवरची मोटार ही गोष्ट वेगळी. रोज कार्यालयात नेण्याची मोटार वेगळी.

भाग हाती आला की तो लगेच बसवू नये. काचेवर पालथा ठेवून खालून उजेड दिसतो का, ते पाहावे. मग आट्यांमधला आणि कोपऱ्यांतला लोखंडाचा कीस रॉकेलने धुऊन, हवेच्या दाबाने काढून टाकावा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेलाच्या परतीच्या नळीची जोडणीही याच वर्कशॉपमध्ये करून घेतली असेल, तर तिला सरळ उतार आहे ना, हे तपासावे. तेल तुंबले तर ते सीलमधून बाहेर पडते, आणि शेजारचे टर्बाइनचे कवच लालबुंद असते. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि सर्व नट पुन्हा आवळावेत.