कलम १६, हिंगोलीच्या वर्गात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, इथे एकवीस आहेत. अध्ययन अक्षमता कायद्यात आली ती याच वेळी. महाविद्यालयांसाठी त्यात कलम ३२ आहे: सरकारी व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट. जागा मिळाल्यावर शिकवायचे कसे, याबद्दल ते कलम गप्प आहे. ते शोधायला मागे कलम १६ कडे यावे लागते. त्याच्या ओळी मी माझ्या शब्दांत देतो आणि हिंगोली, वसमत, सेनगावची महाविद्यालये डोळ्यांपुढे ठेवून वाचतो.

“शासनाने निधी किंवा मान्यता दिलेल्या सर्व शिक्षणसंस्था दिव्यांग बालकांना समावेशक शिक्षण देतील, असा प्रयत्न करावा, त्यासाठी या संस्थांनी —”

‘प्रयत्न करावा’ हे सैल आहे, पण खरी अडचण ‘बालक’ ही. बी.ए. प्रथम वर्षाचा विद्यार्थी अठराचा असतो. तेव्हा हे कलम शाळेपुरतेच, असे कोणी म्हणेल. मला ते वाचन पटत नाही. पुढच्या पोटकलमांत ‘व्यक्ती’ आहे, ‘विद्यार्थी’ही आहे. शिवाय वाजवी सोय नाकारणे हा भेदभावच, असे व्याख्येच्या कलमात म्हटले आहे आणि तिथे वयाची अट नाही. ‘मान्यता दिलेल्या’ म्हटल्यावर विनाअनुदानित संस्थाही सुटत नाहीत.

“भेदभाव न करता प्रवेश द्यावा; खेळ व मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी.”

प्रवेश मिळतो. खेळाच्या तासाला मात्र दिव्यांग विद्यार्थी बहुधा इतरांच्या पिशव्या सांभाळत बसलेला असतो.

“इमारत, परिसर व सुविधा सुगम कराव्यात.”

नॅकच्या मूल्यांकनात रॅम्पची विचारणा होते, म्हणून रॅम्प बांधला जातो. त्याचा फोटो निघतो, आणि इतिहासाचा वर्ग वरच्या मजल्यावरच राहतो. असा विद्यार्थी असलेल्या एका तुकडीचे तास तळमजल्यावर घ्यायला निधी लागत नाही. वेळापत्रक करणाऱ्याने मनावर घेतले की झाले.

“ज्याच्या त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी.”

माझ्या मते हा सगळ्या कलमाचा गाभा आहे. सोय प्रकारावरून ठरत नाही, माणसावरून ठरते. अंधुक दिसणाऱ्या एकाला मोठ्या टाइपातल्या नोट्स लागतील, दुसऱ्याला फक्त खिडकीकडे पाठ होईल अशी जागा. स्वमग्न विद्यार्थ्याला तास बदलल्याचे आदल्या दिवशी कळले तरी पुष्कळ. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात, २०२१ साली, सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाचा हक्क ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला बांधून ठेवायला नकार दिला. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराची ती बाजू होती. परीक्षेत तासामागे किमान २० मिनिटे जादा, हे तर २०१३च्या मार्गदर्शक सूचनांतच आले होते. म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार.

पण परीक्षा वर्षातून दोनदा, तास रोज. ‘तुला काय लागतं?’ हे प्राध्यापकाने जूनमध्येच विचारायला हवे, आणि भरवर्गात नव्हे. इथे एक खोच आहे. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक ते विचारतो, शिकून घेतो आणि पुढच्या वर्षी त्या महाविद्यालयात असेलच असे नाही. विद्यार्थ्यासोबतची बैठक, त्यासाठीची तयारी, कशाचाच मोबदला नाही. अशा माणसाला संवेदनशीलतेचे धडे द्यायला मला तरी संकोच वाटतो.

“शैक्षणिक व सामाजिक विकास जास्तीत जास्त होईल असे साहाय्य, वैयक्तिक किंवा अन्य प्रकारचे, द्यावे.”

नरसी नामदेव आणि औंढा नागनाथ ही दोन्ही गावे याच हिंगोली जिल्ह्यात. गोरोबांनी सगळ्यांची डोकी एकाच थापीने पारखली आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कथेत पुढे नामदेवांवर पुन्हा थापी मारलेली नाही. विसोबांनी पिंडीवर पाय ठेवले आणि देव नसेल तिथे ते उचलून ठेव म्हणाले. देव नाही अशी जागाच नाही, हे नामदेवांना असे हातांनी कळले. आपण नापासाला पुन्हा तोच पेपर देतो.

“अंध, कर्णबधिर किंवा दोन्ही असलेल्या व्यक्तींना योग्य भाषेत व योग्य संवादमाध्यमांतून शिकवावे.”

मराठी माध्यमाच्या महाविद्यालयात घोडे अडते ते फॉन्टपाशी. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि युनिकोडमधले मराठी वाचून दाखवतो. मात्र श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स त्याला निरर्थक अक्षरे वाटतात, आणि झेरॉक्सचा फोटो ग्रुपवर टाकला तर त्यात त्याला अक्षरच दिसत नाही. फाइल युनिकोडमध्ये करून देणे हे लिपिकाचे दुपारचे काम आहे. फळ्याचेही तसेच. ‘हे इकडे नेलं की हे येतं’ यातून अंध विद्यार्थ्याला काहीच मिळत नाही. समीकरणातल्या राशींची नावे घ्यावी लागतात. फळ्याकडे तोंड करून बोलले की ओठ वाचणाऱ्याचे वाक्य गेले.

“अध्ययन अक्षमता बालकांत लवकरात लवकर ओळखावी व उपाय करावेत.”

इथे पुन्हा ‘बालक’. पण २०१८च्या तपासणी-सूचनांत प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून, फेरतपासणी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी, आणि अठराव्याचे प्रमाणपत्र कायमचे, असे ठरले होते. ही शेवटची पायरी नेमकी महाविद्यालयात येते. तोंडी विचारले तर नीट सांगणारा आणि पेपरात अर्धे पान लिहिणारा विद्यार्थी ‘अभ्यासात कच्चा’ हा शेरा घेऊन आलेला असतो. त्याला तपासणीला धाडणारा पहिला माणूस प्राध्यापकच असू शकतो.

“प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, प्रगती व शिक्षणपूर्ती यांवर लक्ष ठेवावे.”

प्रवेशाचा आकडा दरवर्षी भरून जातो. कलम त्यापुढचे मागते: दुसऱ्या वर्षाला आला का, नसेल तर का नाही.

“दिव्यांग बालकांना, व जास्त आधार लागणाऱ्यांच्या सोबत्यालाही, वाहतुकीची सोय द्यावी.”

महाविद्यालयाची बस नसते. खेड्यातून एसटीने यायचे. भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण उंच पायरीला सवलत नाही. गाडी चुकली तर पहिला तास जातो. तो गैरहजेरीत धरायचा की नाही, हे ठरवायला प्राचार्यांना मुंबईच्या आदेशाची गरज नाही.