उलट्या बिटांची कुळकथा

बुलढाणा जिल्ह्यातल्या गाड्यांच्या पाटीवर एमएच 28 असतं. हा 28 आठ बिटांत मांडला तर 00011100 असा दिसतो. आता प्रत्येक शून्याचा एक आणि एकाचा शून्य करा: 11100011. ही ‘नॉट’ क्रिया. सी भाषेत तिला ~ हे नागमोडी चिन्ह आहे. शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात काय किंवा जगात कुठेही काय, आज सीमध्ये ~28 छापून बघितलं तर पडद्यावर उणे 29 येतं. सगळं उलटं केल्यावर उणे 28 का नाही? हा जास्तीचा एक कुठून आला, हे कळायला संगणकाच्या तीनशे वर्षं मागे जावं लागतं.

वडिलांचं करवसुलीचं काम हलकं व्हावं म्हणून ब्लेझ पास्कालने 1642 साली बेरजेचं यंत्र करायला घेतलं. त्याची चाकं एकाच दिशेने फिरत, त्यामुळे वजाबाकीसाठी वेगळी वाट काढावी लागली. प्रत्येक चाकावर अंकांच्या दोन ओळी होत्या: एकीत 2 दिसत असेल तर दुसरीत 7, म्हणजे दोन्ही मिळून 9. वरची पट्टी सरकवली की एक ओळ झाकली जाई आणि दुसरी उघडी पडे. 75 मधून 28 वजा करायचे आहेत? 75 चा पूरक 24 लावा, त्यात 28 मिळवा, 52 झाले. पट्टी सरकवा, 47. चाक उलटं न फिरवता वजाबाकी झाली.

द्विमान पद्धतीत 9 ची जागा 1 घेतो, आणि अंक 1 मधून वजा करणं म्हणजेच तो उलटवणं. जॉर्ज बूल यांनी 1854 च्या ग्रंथात ‘क्ष नाही’ हे 1 − क्ष असंच लिहिलं होतं. 1937 साली क्लॉड शॅनन यांनी बूल यांचं बीजगणित विजेच्या रिलेंना लावून दाखवलं. गणितातला नकार आता तारांमध्ये उतरणार होता.

मग उणे संख्या कशी लिहायची यावरून उलट्या बिटांच्या घराण्यात दोन शाखा झाल्या. पहिलीत बिट उलटवले की झाली उणे संख्या. 11100011 म्हणजे उणे 28. तो 75 मध्ये मिळवला की डावीकडून एक हातचा बाहेर पडतो. तो उजवीकडे आणून मिळवला की 47. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 साली आलेला 48 बिटांचा सीडीसी 3600 संगणक याच शाखेतला. अडचण एवढीच, की शून्य उलटवलं की सगळे एक, म्हणजे उणे शून्य. एकाच शून्याची दोन रूपं.

दुसऱ्या शाखेचा आराखडा जॉन फॉन नॉयमन यांच्या एडव्हॅक या संगणकाच्या 1945 च्या मसुद्यात आहे. हातचा नंतर फिरवून आणण्यापेक्षा तो एक आधीच मिळवून ठेवायचा: उणे 28 म्हणजे 11100011 अधिक 1, अर्थात 11100100. शून्य एकच उरतं, वजाबाकीला बेरजेचंच सर्किट पुरतं. नुसतेच बिट उलटवले तर मात्र तो एक मिळवायचा राहतो, म्हणून उत्तर उणे 29. आयबीएमने 1964 मध्ये सिस्टिम/360 साठी पूर्णांकांना हीच पद्धत घेतली आणि पुढे बाजार तिच्या मागे गेला. सी भाषेचं प्रमाणक बराच काळ दोन्ही शाखांना मोकळीक देत होतं. सी23 ने ती मोकळीक बंद केली.

पहिली शाखा तरीही निर्वंश झाली नाही. इंटरनेटवरच्या आयपीव्ही4 पाकिटाच्या मथळ्यात चूक पकडण्यासाठी एक बेरीज जाते. ती हातचा फिरवून केलेली आणि शेवटी बिट उलटवलेलीच असते. इंटरनेटवरच्याच यूडीपी या नियमसंचात तर 1980 पासून उणे शून्यालाही काम मिळालं आहे. तिथे नुसतं शून्य म्हणजे ‘बेरीज केलेलीच नाही’, म्हणून बेरीज करून उत्तर खरोखर शून्य आलं, तर सोळाही बिट एक करून पाठवतात. सीडीसीच्या काळात डोकेदुखी ठरलेलं दुसरं शून्य इथे उपयोगी पडतं.