१२ ऑगस्ट १९८१ : आयबीएमचा पीसी आला
आयबीएमने आपला पहिला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ न्यूयॉर्कमध्ये या दिवशी जाहीर केला. इंटेल ८०८८ प्रोसेसर, अवघी १६ किलोबाइट मेमरी, किंमत १,५६५ डॉलर. फ्लॉपी ड्राइव्हचे पैसे वेगळे. ते नसतील तर गाण्यांची असते तसली कॅसेट चालायची! खरी गंमत आतल्या पाच खाचांत होती. कोणीही कार्ड बनवावे, खोचावे. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले ‘जिस्ट’ कार्ड पीसीच्या अशाच खाचेत बसले आणि इंग्रजी यंत्राच्या पडद्यावर देवनागरी उमटली. गावात आज सातबारा संगणकावरून मराठीत छापून मिळतो. तेव्हा तो तलाठ्याच्या हस्ताक्षरात मिळे, अक्षर लागले तर लागले.