खिशातलं पिस्तूल

मंडळी, पिस्तूल म्हटलं की आपल्याला हिंदी सिनेमातला इन्स्पेक्टर आठवतो. कमरेला पट्टा, पट्ट्याला होल्स्टर, सगळं कसं राजरोस. अमेरिकेत मात्र एखादा साधासुधा नोकरदार दुकानात जातो आणि विचारतो, "शर्टाखाली दिसणार नाही असं कुठलं आहे?" गंमत म्हणजे हा प्रश्न दोनशे वर्षं जुना आहे, आणि गिऱ्हाइकाची रिक्वायरमेंट तेव्हापासून फारशी बदललेली नाही. पिस्तूल लहान हवं, खिशातून न अडकता निघायला हवं, खिशातच उडता कामा नये, आणि गोळ्या जास्त हव्यात. या चार गोष्टींची एकमेकींशी भांडणं आहेत. एक वाढवली की दुसरी कमी होते.

सुरुवात फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरपासून करू. एकोणिसाव्या शतकात त्याने तळहातात लपेल एवढं पिस्तूल विकायला काढलं. गोळी चांगली जाडजूड, पण एकच. दुसरी झाडायची तर दारू, गोळी, टोपी सगळं पहिल्यापासून भरा. म्हणून लोक ही पिस्तुलं जोडीने घ्यायचे. नकला इतक्या झाल्या की वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणावं तसं कुठल्याही छोट्या पिस्तुलाला 'डेरिंजर' म्हणायला लागले, तेही स्पेलिंगमध्ये एक 'आर' जास्तीचा घालून.

हेच पिस्तूल घेऊन जॉन विल्क्स बूथ १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरमध्ये शिरला. नाटक रंगात आलेलं असताना मागून जाऊन त्याने अब्राहम लिंकनच्या डोक्यात गोळी घातली. शेजारी बसलेला मेजर रॅथबोन अंगावर धावून आला, तेव्हा पिस्तूल रिकामं झालेलं होतं. बूथने ते तिथेच टाकलं आणि सुरा काढला. एका गोळीच्या डिझाइनची मर्यादा म्हणतात ती ही. लिंकन दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

पुढची पन्नास वर्षं या मर्यादा काढण्यात गेली. १८६६ मध्ये रेमिंग्टनने एकावर एक दोन नळ्यांचं पिस्तूल आणलं. ते १९३५ पर्यंत बनत होतं. रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहा गोळ्या बसायच्या, पण त्याचा मागचा घोडा खिशाच्या अस्तरात अडकायचा. स्मिथ अँड वेसनने १८८७ मध्ये घोडा आतच झाकून टाकला आणि मुठीच्या मागे एक पट्टी बसवली. मूठ घट्ट आवळून पट्टी दाबल्याशिवाय बार उडायचा नाही. लोकांनी त्याला लिंबू पिळायचं यंत्र असं नाव पाडलं! तिकडे फ्रान्समध्ये सायकलवाल्यांच्या मागे लागणाऱ्या कुत्र्यांसाठी 'व्हेलोडॉग' नावाचं छोटं रिव्हॉल्व्हर निघालं. घरी जाताना गल्लीतली कुत्री बाइकमागे धावतात, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

राहिलं ते गोळ्यांचं फिरतं चक्र. ते जाड असतं, कोटावर फुगवटा येतो. यावर इलाज काढला अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगने. बेल्जियमच्या एफएन कारखान्यात बनलेल्या त्याच्या १९०० च्या मॉडेलमध्ये सात गोळ्या मुठीच्या आत एकावर एक रचलेल्या होत्या. पिस्तूल चपटं झालं. मग काही वर्षांतच आलेलं त्याचं वेस्टकोटच्या खिशातलं पिस्तूल जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर लांब होतं. अर्थात गोळीही तशीच बारकी, ६.३५ मिलिमीटरची.

ब्राउनिंग हे नाव महाराष्ट्राला चांगलंच माहीत आहे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनच्या हाती पेटीच्या चोरतळात लपवून २० ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये 'शारदा' नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी त्यातल्याच पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा होता, त्यामुळे उघडपणे पिस्तूल घेऊन जायचा प्रश्नच नव्हता. खिशात मावणं हीच तिथे पहिली अट होती.

म्हणजे बघा, ४४ वर्षांच्या अंतराने दोन नाट्यगृहं, दोन खिशातली पिस्तुलं. बूथला जग खुनी म्हणतं, कान्हेरेंना आपण हुतात्मा म्हणतो. हा फरक आपल्या लेखी फार मोठा आहे. पिस्तुलाच्या लेखी नाही. त्याने दोन्ही ठिकाणी एकच काम केलं: शेवटच्या क्षणापर्यंत कोणाला कळू दिलं नाही.

अमेरिकेतल्या कायद्याला नेमकी हीच गोष्ट खुपत आली. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच लपवून शस्त्र बाळगायला बंदी केली. उघडपणे कमरेला लावलं तर हरकत नव्हती, लपवणं हे भेकडाचं लक्षण मानलं जायचं. केंटकीच्या कोर्टाने १८२२ मध्ये ती बंदी रद्द केली, तर १८५० मध्ये राज्याने घटनेतच तशी तरतूद करून घेतली. न्यूयॉर्कने १९११ मध्ये लपवता येण्याजोग्या पिस्तुलांना परवाना सक्तीचा केला. पुढे वारं फिरलं. १९८७ मध्ये फ्लोरिडाने ठरवलं की कायद्याच्या अटी पूर्ण केल्या तर परवाना द्यायचाच. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कची 'खास कारण दाखवा' ही अट सहा विरुद्ध तीन मतांनी उडवली. आज निम्म्याहून जास्त राज्यांत लपवून पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही.

इंजिनियरांनी आपलं काम चोख केलंय. २०१८ मध्ये आलेल्या सिग कंपनीच्या पी३६५ मध्ये साधारण एक इंच जाडीत दहा गोळ्या बसतात. डेरिंजरचं गिऱ्हाईक हे बघून चक्रावलं असतं. पण १८१३ मध्ये केंटकीला पडलेला प्रश्न काही कुठल्या कारखान्यात सुटण्यासारखा नव्हता. पिस्तूल दिसू नये, हे खरेदी करणाऱ्यासाठी फीचर आहे. शेजारच्या खुर्चीवर बसून निवांत नाटक बघणाऱ्यासाठी तोच बग आहे. आणि त्या दुसऱ्या माणसाला दुकानात कोणी काही विचारत नाही.

असो. तूर्तास एवढंच.