कोणता देश, हे न निवडणारी गुंतवणूक

१८६८ साली लंडनमध्ये ‘फॉरेन अँड कलोनियल गव्हर्न्मेंट ट्रस्ट’ नावाची एक योजना बाजारात आली. फिलिप रोझ हा तिच्यामागचा कर्ता माणूस आणि माजी लॉर्ड चॅन्सेलर वेस्टबरी तिचे अध्यक्ष. निरनिराळ्या सरकारांचे १८ कर्जरोखे एकत्र घ्यायचे आणि त्या साठ्यातला लहानसा हिस्सा मध्यम ऐपतीच्या माणसाला विकायचा, एवढीच तिची कल्पना होती. यादीत तुर्कस्तान, इजिप्त आणि पेरू होते. १८७५-७६ च्या सुमारास या तिघांनीही देणी थकवली. नुसते पेरूचे रोखे बाळगणाऱ्याच्या हाती फारसे काही उरले नाही. ट्रस्ट मात्र तगला, १९२५ पासून समभागही घेऊ लागला आणि आजही चालू आहे. आंतरराष्ट्रीय इंडेक्स फंडाचे मूळ मी या घटनेत पाहतो. परदेशांत पैसा गुंतवल्याने नफा जास्त मिळतो, असे ट्रस्टने सिद्ध केले नाही. कोणता देश बुडेल हे आधी ओळखता येत नसेल, तरीही बचत राखता येते, एवढेच त्याने दाखवले. दीर्घ मुदतीसाठी फंड निवडताना म्हणूनच माझा पहिला प्रश्न असा असतो: हा फंड देश ओळखण्याचे ओझे उतरवतो, की तेच ओझे दुसऱ्या नावाने पुन्हा डोक्यावर ठेवतो?

हे ओझे कोणालाच पेललेले नाही, याला विसावे शतक साक्षी आहे. १९०० साली जगातल्या शेअर बाजारांच्या एकूण मूल्यात ब्रिटनचा वाटा सुमारे चौथा हिस्सा होता. अमेरिकेचा त्याहून बराच कमी. सेंट पीटर्सबर्गचा बाजार तेव्हा भरभराटीचा मानला जाई. १९१७ च्या क्रांतीनंतर तिथल्या भागधारकांचे सर्वस्व गेले, आणि १९४९ नंतर शांघायमध्येही तेच घडले. या दोन्ही बाजारांत पैसा घालणारे लोक अडाणी नव्हते. उपलब्ध माहितीवर त्यांचा हिशेब चोख होता. चुकला तो त्या हिशेबाबाहेरचा इतिहास.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की घरच्या मोठ्या कंपन्या परदेशांत धंदा करतातच, मग वेगळा परदेशी फंड हवा कशाला? १९७६ साली सामान्य अमेरिकन गुंतवणूकदारासाठी पहिला इंडेक्स फंड आणणारे जॉन बोगल अखेरपर्यंत याच मताचे होते, त्यामुळे हा आक्षेप हलक्यात घेता येत नाही. पण परदेशांतला व्यवहार आणि परदेशांतली मालकी यांत फरक आहे, आणि तो मुंबईने फार पूर्वी अनुभवला आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव कडाडले, तेव्हा बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. १८६५ मध्ये यादवी संपली आणि सगळा डोलारा कोसळला. १८६८ मध्ये, म्हणजे लंडनचा ट्रस्ट निघाला त्याच वर्षी, जुनी बँक ऑफ बॉम्बे मोडीत निघाली. मुंबईकरांकडे सगळे कागद मुंबईचेच होते, तरी त्यांचे नशीब सातासमुद्रापलीकडच्या रणांगणावर ठरले. घरच्या कंपन्यांतून परदेशाचा धोका न मागता येतो. त्याच उलथापालथीत जे दुसरीकडे सावरतात, त्यांत मात्र आपला वाटा नसतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो जपानचा. १९६९ मध्ये कॅपिटल इंटरनॅशनलने युरोप, ऑस्ट्रेलिया आणि अतिपूर्वेकडील बाजारांचा एक निर्देशांक तयार केला. पुढे तो एमएससीआय ईएएफई या नावाने रूढ झाला आणि कितीतरी ‘आंतरराष्ट्रीय’ फंडांचा आधार बनला. बाजारमूल्याच्या प्रमाणात वजन, हा त्याचा नियम. १९८० च्या दशकात जपानी शेअर इतके फुगले, की दशकअखेरीस या निर्देशांकाचा निम्म्याहून अधिक भाग एकटा जपान झाला. २९ डिसेंबर १९८९ रोजी टोकियोच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ रोजी. लाभांश जमेस धरला तर ही वाट थोडी आखूड होते, तरी दशके लागलीच. मग बाजारमूल्याने चालणारा निर्देशांक गुंतवणूकदाराला नेमके महाग बाजारातच नेऊन सोडतो, हा आरोप खरा नाही का? अंशतः खरा आहे. जपानी कंपन्या एकमेकींचे शेअर बाळगून होत्या, त्यामुळे तेच मूल्य दोनदा मोजले जाई. एमएससीआयने २००१-०२ मध्ये प्रत्यक्ष खरेदीविक्रीला मोकळ्या असलेल्या शेअरांवरच वजन ठरवायला सुरुवात केली, तेव्हा ही खोट दूर झाली. पण सर्वांत मोठी किंमत मोजली ती निर्देशांकवाल्याने नव्हे. फ्रेंच आणि पोटेर्बा या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्ये दाखवले, की जपानी गुंतवणूकदारांचे सुमारे ९८ टक्के समभाग जपानीच होते आणि अमेरिकनांचे सुमारे ९४ टक्के अमेरिकी. साऱ्या जगाचा निर्देशांक बाळगणाऱ्याला जपानने जबर फटका दिला खरा, पण पुढच्या दशकात अमेरिका आणि युरोप वर चढले तेव्हा त्यांतही त्याचा वाटा होता. टोकियोच्या घरबशा गुंतवणूकदाराला तो मिळाला नाही.

‘अमेरिका सोडून बाकीचे जग’ असा अर्धा तुकडा घेणाऱ्याची स्थिती या दोघांच्या मधली होती. एवढ्यासाठीच मला प्रादेशिक फंडांपेक्षा विकसित आणि उदयोन्मुख बाजार एकत्र धरणारा, कमी खर्चाचा फंड जास्त भावतो. आज जागतिक निर्देशांकात अमेरिकेचे वजन ६० टक्क्यांहून अधिक आहे, आणि ते पाहून अनेकांना १९८९ आठवते. तुलना अगदी अस्थानी नाही. तरी अमेरिका वगळणे हाही एक अंदाजच. सर्वसमावेशक फंडात तिचे वजन घटेल तेव्हा आपोआप घटते, तारीख आपल्याला ठरवावी लागत नाही. विनिमय दराचे चढउतार सोसावे लागतात, हे मान्य. पण ज्याचा पगार, घर आणि ठेवी रुपयातच आहेत, त्याच्या बचतीचा काही भाग दुसऱ्या चलनांत असणे हा दीर्घ मुदतीत आधारच ठरतो.

भारतीय गुंतवणूकदाराची अडचण निराळी आहे. म्युच्युअल फंडांच्या एकत्रित परदेशी गुंतवणुकीवर ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आल्याने २०२२ च्या सुरुवातीला सेबीने नवी रक्कम परदेशी शेअरांत घालणे थांबवायला सांगितले आणि अनेक योजनांची दारे बंद झाली. शिवाय आपल्याकडे ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणून सर्वाधिक ओळखले जाणारे इंडेक्स फंड नॅसडॅक १०० किंवा एसअँडपी ५०० यांवर बेतलेले, म्हणजे एका देशाचे आहेत. गेल्या दशकातल्या त्यांच्या परताव्याचे आकडे मोहात पाडतात, यात नवल नाही. १९८९ च्या डिसेंबरात टोकियोचे आकडेही तसेच होते.