क्रियाविशेषण आणि कामगाराचा हक्क



व्याकरण हा पंडितांचा प्रांत. त्यात चळवळीच्या माणसाने लुडबुड का करावी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. आमच्या हक्कांचे कायदे इंग्रजीत लिहिले गेले, आणि त्या भाषेतल्या एखाद्या किरकोळ शब्दावरही घरची चूल अवलंबून राहिली.

यास्काने पदांचे चारच वर्ग मानले होते: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. इंग्रजी अमदानीत ही मांडणी पालटली. 1836 साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याची धाटणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाची. पुढे शाळांतून शब्दांच्या आठ जाती रुळल्या. त्यांतलीच एक क्रियाविशेषण अव्यय. साचा एक झाल्यामुळे मराठी मुलाला इंग्रजीची वाट सोपी झाली, हे खरेच. पण साचा एक म्हणून शब्दांचा स्वभावही एक, असा भ्रमही त्यातूनच वाढला.

शाळेत नियम सांगतात: इंग्रजी विशेषणाला ‘ली’ लावला की आपले ‘पणे’ झाले. ‘स्लो’ म्हणजे मंद, ‘स्लोली’ म्हणजे मंदपणे. इथवर ठीक. पण ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडे! ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने आणि ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. एका तरुण कामगाराने खुलाशाच्या पत्रात नियमाला धरून लिहिले, ‘आय वर्क हार्डली.’ त्याला म्हणायचे होते, मी राबतो. कागद म्हणत होता, मी काम करतच नाही. पत्र आधी संघटनेच्या कचेरीत वाचले गेले म्हणून निभावले.

आपल्या ‘च’चेही तसेच. ‘उद्याच या’ याचे आपण ‘कम टुमॉरो ओन्ली’ करतो. ऐकणाऱ्याला वाटते, उद्याखेरीज इतर दिवशी बंदी आहे.

आता कायद्याकडे पाहा. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने यंत्रशक्तीवर चालणारा, दहा किंवा अधिक कामगारांचा कारखाना आपल्या कक्षेत घेतला. त्या व्याख्येत एक क्रियाविशेषण होते: ‘ऑर्डिनरिली’, म्हणजे सामान्यतः. तपासणीच्या दिवशी यंत्र बंद आहे, एवढ्यावर मालकाला सुटता येऊ नये, ही सोय त्या एका शब्दाने केली. तो शब्द गाळून वाचणारा आपले संरक्षणच गाळून वाचत होता.

निमोण्याची मुले आज रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत जातात. त्यांना माझे सांगणे एवढेच: शब्द सुटा पाठ करू नका, वाक्यासकट शिका, आणि अर्थ नीट उमगल्याखेरीज कोणत्याही कागदावर सही करू नका.